म्यूल डिअर घटतायत. टॅग कापले की हरणं वाढतात का?

सॉल्टलेकी
एप्रिल उजाडला की अमेरिकेतल्या युटा राज्यात एका विषयावर हमखास जुंपते: यंदा म्यूल डिअरचे टॅग किती काढायचे. टॅग म्हणजे एका हरणाच्या शिकारीचा परवाना. युनिट (शिकारीसाठी आखलेला भाग), हत्यार आणि तारखा त्यावर ठरलेल्या असतात.

ज्यांनी हा प्राणी पाहिला नाही त्यांच्यासाठी: खेचरासारखे लांब कान, शेपटीचं टोक काळं, पळताना चारही पाय एकदम उचलून रबरी चेंडूसारख्या उसळ्या. नराची शिंगं दुभंगत जातात, एकाची दोन आणि दोनांची चार, आणि दर हिवाळ्यात गळून पडतात. व्हाइटटेल या तिथल्या दुसऱ्या हरणाच्या शिंगाला एकच मुख्य दांडा असतो आणि त्यावर काटे, त्यामुळे मोठे नर तरी लांबून ओळखू येतात.

पश्चिमेकडच्या बहुतेक राज्यांत यांची संख्या घसरलीय. कोलोरॅडोत २००५-०६ च्या सुमारास अंदाजे ६ लाख होती, २०१३ च्या आसपास ती ४ लाखांच्या खाली आली. युटात १९९४ पासून सर्वसाधारण हंगामातल्या नरांच्या टॅगना वरची मर्यादा घातली. २०१२ मध्ये पाच मोठ्या विभागांऐवजी ३० युनिटं केली. तरी रडगाणं चालूच आहे.

माझं मत सरळ आहे. पाच वर्षं टॅग निम्मे करा, हरणं आपोआप वाढतील. पटत नसेल तर का ते सांगा.

रानमेवा
म्हणजे आपलं सांबरच ना थोडक्यात?

नांगरफाळ
रानमेवा, कुळ एकच, पण सांबर अंगाने बरंच थोराड. आकाराने चितळाच्या जास्त जवळ म्हणा. सवयी मात्र दोघांपेक्षा वेगळ्या. चितळ गवतावर जगतो, हे मुख्यतः झुडपांच्या कोवळ्या डहाळ्या आणि पानं खातं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सॉल्टलेकी, निम्मे टॅग म्हणताय ते कशाचे? जवळपास सगळे नरांचे. आता हिशेब करू.

१०० माद्या घ्या. बऱ्या वर्षात त्यातल्या १५ मरतात. कळप आहे तिथे टिकवायचा तर १५ नव्या माद्या लागणार. पाडसांत नर-मादी साधारण सारखेच, म्हणजे हिवाळा काढून बाहेर पडलेली ३० पाडसं हवीत. हिवाळ्यात निम्मी जातात असं धरलं तर डिसेंबरच्या गणनेत १०० माद्यांमागे ६० पाडसं दिसली पाहिजेत.

आता माद्यांचे मृत्यू १५ वरून २० करा. लागणारी पाडसं एकदम ८० होतात. मादीच्या मृत्यूत पाच टक्क्यांचा फरक पडला तर पाडसांत वीसचा खड्डा. या सगळ्या गणितात नर कुठे आला? माजाच्या काळात, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत, माद्या गाभण राहाव्यात एवढ्यापुरताच. एक नर अनेक माद्यांना पुरतो. शंभरामागे पंधरा-वीस नर असले तरी माद्या रिकाम्या राहत नाहीत.

म्हणून नरांचे टॅग कापले की नर वाढतात. हरणं वाढतीलच असं नाही.

खोचकराव
थोडक्यात, मुलीच नसताना नवरदेवांची संख्या वाढवून गावची लोकसंख्या वाढवण्याचा प्रयोग.

सॉल्टलेकी
खोचकराव :) पण मग सरकार नरांचं प्रमाण कशाला ठरवतं? युटाच्या सर्वसाधारण युनिटांत शंभर माद्यांमागे १५ ते १७ किंवा १८ ते २० नर हे उद्दिष्ट आहे. लिमिटेड एंट्रीत, म्हणजे मोजकेच टॅग निघणाऱ्या युनिटांत, २५ ते ३५. हेन्री माउंटन्स आणि पॉन्सागंटमध्ये तर ४० ते ५५. काहीतरी शास्त्र असेलच ना?

नांगरफाळ
ते आकडे हरणासाठी नाहीत, शिकाऱ्यासाठी आहेत. काहींना दरवर्षी जंगलात जायला मिळालं म्हणजे झालं, काहींना दहा वर्षं थांबून एकदाच मोठ्या शिंगांचा नर हवा असतो. दोघांची सोय लावायची म्हणून वेगवेगळी प्रमाणं. त्यात वावगं काही नाही, फक्त त्याला संवर्धन म्हणू नका.

आणखी एक. माजाच्या काळात नर धड खात नाहीत, हिवाळ्यात शिरतात तेव्हा चरबी संपलेली असते. कडक हिवाळा आला की राखून ठेवलेले नर आधी जातात. बँकेत ठेव ठेवावी तसे नर साठवता येत नाहीत. शिवाय हिवाळी चारा मोजकाच असेल तर जास्तीचा नर जे खातो ते कुणाच्या तरी तोंडचंच असतं.

आकडेमोड
प्रमाण काढतात कसं हेही सांगायला हवं, कारण अर्धी भांडणं तिथून सुरू होतात.

हंगाम संपल्यावर, साधारण डिसेंबर-जानेवारीत, हेलिकॉप्टरमधून पाहणी होते. हीच वेळ का? बर्फामुळे हरणं खाली उतरून एकत्र आलेली असतात, माज नुकताच सरलेला असल्याने नर माद्यांत मिसळलेले असतात आणि शिंगं अजून डोक्यावर असतात. फेब्रुवारीत गेलात तर शिंग गळालेला नर मादी म्हणून मोजला जाईल.

इथे प्रत्येक हरीण मोजत नाहीत. दिसलेल्यांचं नर-मादी-पाडस वर्गीकरण करतात. त्यात शिकारीचा आकडा आणि रेडिओ कॉलर (माग काढणारा गळपट्टा) लावलेल्या हरणांचं जगण्याचं प्रमाण घालून मॉडेलमधून एकूण संख्येचा अंदाज काढतात. चुका ठरलेल्या आहेत. बर्फ कमी पडला तर हरणं जुनिपरच्या झाडीत विखुरलेली राहतात. मोठे नर कळपापासून बाजूला, आडोशाला असतात. दीड वर्षाच्या नराची बोटभर शिंगं वरून नजरेतून सुटतात. म्हणून एका वर्षाच्या आकड्यावर नाचू नये, निदान तीन वर्षांची सरासरी बघावी.

घाटपांड्या
वायोमिंगचं उदाहरण घ्या म्हणजे टॅगचा मुद्दा आपोआप निकालात निघेल. वायोमिंग रेंजच्या कळपावर तिथल्या विद्यापीठाचे लोक २०१३ पासून काम करतायत. हेलिकॉप्टरमधून जाळं टाकून मादी धरायची, डोळ्यांवर पट्टी बांधायची, कॉलर लावायची, पुठ्ठ्यावर सोनोग्राफीने चरबीची जाडी मोजायची आणि मार्चमध्ये पोटात किती पिल्लं आहेत तेही बघायचं. त्याच मादीला डिसेंबर आणि मार्चमध्ये पुन्हा पुन्हा धरतात, त्यामुळे हिवाळ्याने किती चरबी खाल्ली हे सरळ कळतं.

२०२२-२३ च्या हिवाळ्यात कॉलर लावलेली त्या साली जन्मलेली जवळपास सगळी पाडसं मेली. मोठ्या माद्यांतल्याही निम्म्याहून बऱ्याच अधिक गेल्या. कुणी गोळी घातली नव्हती. बर्फ खोल होतं, वरून कडक पापुद्रा धरलेला आणि ते लवकर हललं नाही. बर्फ दीड फुटावर गेलं की या हरणाला चालणं जड होतं. दोन फुटांवर जवळपास अडकतंच.

लोकांना वाटतं हिवाळ्यात चारा मिळाला की झालं. तसं नाही. हिवाळ्यात हरीण पोट भरून वजन राखत नाही, उन्हाळ्यात साठवलेली चरबी पुरवून पुरवून खर्च करतं. सेजब्रश, बिटरब्रश ही झुडपं खातं ते खर्चाचा वेग कमी करायला. उन्हाळा कोरडा गेला, मादी रोड राहिली, तर तिचा निकाल ऑक्टोबरातच लागलेला असतो. बर्फ फक्त सही करतं.

भटकभवानी
मग थंडीत चारा टाकायला काय हरकत आहे? गुरांना छावण्या काढतो तशा?

घाटपांड्या
हरकत आहे आणि मोठी आहे. हरणाच्या पोटातले जीवाणू त्या हंगामातल्या चाऱ्याला सरावलेले असतात. डिसेंबरात ते काड्याकुड्या पचवण्याच्या बेतात असतात. अशा वेळी कुणी दयेने मका ओतला की पोटात आम्ल वाढतं आणि हरीण भरल्या पोटी मरतं. नुसत्या गवताच्या पेंढ्यांनीही भागत नाही, पोट फुगलेलं दिसतं आणि हरीण उपाशीच असतं.

युटाने २०२३ मध्ये आणीबाणी म्हणून काही ठिकाणी खाऊ घातलं. ते हरणांसाठी खास बनवलेल्या गोळ्यांचं खाद्य होतं, ठरलेल्या जागी, प्रशिक्षित लोकांच्या हातून. तेही उशिरा सुरू केलं तर फायदा नाही. आणि एका जागी गर्दी झाली की रोग पसरायला मोकळं रान. त्यावर काकू लिहितीलच.

काकू_कॅलगरी
लिहिते. सीडब्ल्यूडी, म्हणजे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. मॅड काऊच्या कुटुंबातला आजार. जीवाणू नाही, विषाणू नाही, प्रथिनाची वाकडी घडी. तिला प्रायॉन म्हणतात. पहिल्यांदा लक्षात आला १९६७ मध्ये, कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला, पिंजऱ्यात ठेवलेल्या म्यूल डिअरमध्येच. रानातला पहिला रुग्ण १९८१ मध्ये सापडला, तो एल्क (तिथलं एक मोठं हरीण) होता. आमच्या अल्बर्टात रानटी हरणात २००५ मध्ये निघाला.

लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण दीड-दोन वर्षं लागतात. तोवर हरीण ठणठणीत दिसतं, पण लाळ, मूत, लेंडी यांतून प्रायॉन टाकत राहतं. ते मातीत वर्षानुवर्षं टिकतात. लस नाही, औषध नाही. वायोमिंगच्या कॉन्व्हर्स काउंटीतल्या एका कळपाचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे कळप वर्षाला २१ टक्क्यांनी आकसत होता आणि मुख्य कारण हा आजार होतं.

आता टॅगशी संबंध बघा. मोठ्या नरांत लागणीचं प्रमाण माद्यांच्या साधारण दुप्पट असतं. ते लांब फिरतात, माजात कळपाकळपांतून हिंडतात. म्हणून जिथे आजार शिरलाय तिथे मोठ्या नरांची शिकार वाढवावी, असा व्यवस्थापनाचा सल्ला असतो. सॉल्टलेकी म्हणतायत टॅग निम्मे करा, म्हणजे मोठे नर वाढतील. आजारी भागात हा उपाय उलटाच पडायचा.

सॉल्टलेकी
हा कोन डोक्यातच नव्हता. मोठी शिंगं हवीत म्हणून नर राखायचे आणि राखलेल्या नरांतूनच आजार फिरणार. पण शिकारी ऐकतील?

काकू_कॅलगरी
सहज नाही ऐकत. म्हणून निदान तपासणीचं तरी नीट करावं. मारलेल्या हरणाच्या घशामागच्या लसिकाग्रंथी तपासतात. डोकं कापताना मानेचा थोडा भाग सोबत ठेवायचा, नाहीतर त्या ग्रंथी धडाकडेच राहतात आणि नमुना वाया जातो. डोकं थंड ठेवायचं, उन्हात गाडीच्या टपावर नाही. मणक्यातून करवत चालवायची नाही. मांस हाडांवरून सोडवून घ्यायचं. मेंदू, मणका, डोळे, प्लीहा, ग्रंथी यांना हात लागू द्यायचा नाही, हातमोजे घालायचे. बऱ्याच राज्यांत अख्खं धड हद्दीपार नेता येत नाही. हाडं काढलेलं मांस, साफ केलेली कवटीची चकती आणि कमावलेलं कातडं चालतं. अहवाल येईपर्यंत मांस वेगळं ठेवायचं. पॉझिटिव्ह आलं तर खायचं नाही. माणसाला हा आजार झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरीही.

सुऱ्या नुसत्या उकळून प्रायॉन मरत नाहीत. आधी मांसाचा कण न कण घासून काढा, मग घरगुती ब्लीचच्या ४० टक्के द्रावणात पाच मिनिटं बुडवा. हे फक्त पृष्ठभागावर चालतं, चिकटून राहिलेल्या मांसाच्या आत ब्लीच शिरत नाही.

खोचकराव
आमच्याकडे मटणवाल्याने ओटा पाण्याने धुतला तरी आम्ही त्याला पद्मश्री द्यायला निघतो.

भटकभवानी
मूळ प्रश्नच विचारते. हरणं घटतायत आणि तुम्ही शिकार *कशी* करावी यावर डोकं लावताय. सरसकट बंदी का नाही? आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने केलीच ना?

सातबारा
भटकभवानी, आपल्या कायद्यातही पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकराला किंवा नीलगायीला मारायची परवानगी देण्याची तरतूद आहे. सरसकट असं काही नसतंच.

अमेरिकेत घोडं पैशावर अडतं. राज्यांच्या वन्यजीव खात्यांचा मोठा खर्च शिकारीच्या परवान्यांतून निघतो. शिवाय १९३७ चा पिटमन-रॉबर्टसन कायदा आहे. लांब बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के, पिस्तुलांवर १० टक्के उत्पादन कर, आणि तो पैसा राज्यांना वन्यजीवांच्या कामासाठी. साधारण तीन वाटे केंद्राचे, एक राज्याचा. बंदी घातलीत तर कॉलर, हेलिकॉप्टर, झुडपांची लागवड यांचा खर्च कुणी करायचा? पक्षी बघणाऱ्यांच्या दुर्बिणीवर असा कर नाही. लावायचं म्हटलं की सगळे गप्प.

आणि बंदीचा एक प्रयोग तिथे होऊन गेलाय. ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेला कैबाब पठार. १९०६ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने तिथे राखीव क्षेत्र केलं. हरणांची शिकार बंद, आणि प्युमा (मोठं रानमांजर), कोयोटी (कोल्ह्यासारखा प्राणी), लांडगे मात्र मारत सुटले. १९२० च्या दशकात हरणं इतकी झाली की झाडी खालून बोडकी, आणि मग उपासमारीने पटापट मेली. डिसेंबर १९२४ मध्ये माणसं आणि घोडेस्वार लावून हजारो हरणं हाकत कॅन्यनपलीकडे न्यायचा घाट घातला. एकही पलीकडे गेलं नाही, सगळी हाकाऱ्यांच्या मधूनच मागे पळाली. पुढे कुरणं वाचवायला हरणं मारण्याचा केंद्राला अधिकार आहे का, यावर खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि १९२८ मध्ये केंद्र जिंकलं.

नांगरफाळ
कैबाबची गोष्ट सांगताना एक सावधगिरी. 'भक्षक मारले म्हणून हरणं वाढली' हे सरळसोट सूत्र नंतर बरंच वादात सापडलं. त्याच काळात मेंढ्या-गुरांची चराई कमी झाली होती, आणि तेव्हाचे हरणांचे आकडेही अंदाजपंचे होते. उपासमार झाली हे खरं, कारण एकच नव्हतं.

सॉल्टलेकी
भक्षकांचा विषय निघालाच आहे तर सांगा. युटात २०१२ पासून एका कोयोटीमागे ५० डॉलर बक्षीस आहे. २०२३ च्या कायद्याने प्युमाची शिकार वर्षभर खुली केली, वेगळा परवाना नको, साधं शिकारीचं लायसन्स पुरे. याने फरक पडतो की नाही?

नांगरफाळ
आग्नेय आयडाहोत १९९७ ते २००३ असा मोठा प्रयोग झाला. काही भागांत कोयोटी आणि प्युमा मारले, काहींत नाही. प्युमा कमी केल्यावर जगण्याचं प्रमाण थोडं सुधारलं, पण कळपाच्या वाढीत टिकाऊ फरक पडला नाही. निकाल हिवाळा आणि चारा यांनीच लावला. कोलोरॅडोच्या अनकम्पाग्री पठारावर उलट बाजूने प्रयोग केला. भक्षकांना हात लावला नाही, हिवाळ्यात हरणांना उत्तम खाद्य दिलं. पाडसं जास्त जगली. भुकेलं पाडूस प्युमाने नाही खाल्लं तरी मार्चमध्ये मरणारच असतं. मारेकरी बदलतो, आकडा बदलत नाही.

घाटपांड्या
इथे मी थोडा वेगळा आहे. कळप चाऱ्याच्या मानाने फारच लहान झाला असेल, वणवा किंवा आजारानंतर, तर भक्षक त्याला खालीच दाबून ठेवू शकतात. तेव्हा कोयोटी कमी करण्याला अर्थ आहे, पण माद्या वितात त्याच जागी आणि विण्याच्या जरा आधी. पाडसं जूनमध्ये जन्मतात, बहुधा जुळी. नोव्हेंबरात वाळवंटात मारलेल्या कोयोटीचा त्या पाडसांशी काय संबंध? जूनपर्यंत त्या जागेवर दुसरा येऊन बसलेला असतो. बक्षीस मात्र तेवढंच.

नांगरफाळ
एवढं मान्य.

आकडेमोड
कुणी पॉइंटांबद्दल बोललंच नाही, आणि लोकांचा खरा संताप तिथे आहे. टॅगसाठी अर्ज करून सोडतीत नंबर लागावा लागतो. टॅग मिळाला नाही की एक पॉइंट जमा. नेवाडात पॉइंटांचा वर्ग करून एक मिळवतात. १० पॉइंट म्हणजे १०१ चिठ्ठ्या, नवख्याची एक. युटाच्या लिमिटेड एंट्रीत निम्मे टॅग सर्वांत जास्त पॉइंटवाल्यांना, उरलेले सोडतीने.

आता समजा एका युनिटला वर्षाला ५० टॅग आहेत आणि १५ पॉइंट असलेले ६०० जण रांगेत उभे आहेत. सगळे टॅग वरच्यांनाच दिले तरी तो थर संपायला १२ वर्षं. दरम्यान १४ वाले, १३ वाले दरवर्षी एकेक पायरी चढतायत. म्हणजे लागणारे पॉइंट वाढतच जाणार. याला पॉइंट क्रीप म्हणतात. सॉल्टलेकींच्या सूचनेप्रमाणे टॅग २५ केले की १२ ची २४ वर्षं झाली. हरीण एकही वाढलं नाही, रांग दुप्पट झाली.

खोचकराव
बजाज स्कूटरचं बुकिंग आठवलं. बापाने नंबर लावायचा, पोराच्या लग्नात गाडी यायची.

सातबारा
आणि ज्याला रांग नको त्याला लिलाव. युटातल्या अँटेलोप आयलंडचा नराचा एक टॅग लिलावात काही लाख डॉलरला जातो. त्या पैशातून काम होतं हे खरं, पण 'वन्यजीव सर्वांचे' म्हणणाऱ्या देशात तो दरवर्षी वादाचा विषय होतो.

रानमेवा
विषयांतर होईल, पण एच-वनवाल्यांना शिकार करता येते का?

सातबारा
केंद्रीय कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्याला बंदूक जवळ ठेवायला एरवी बंदी आहे. वैध शिकारीचं लायसन्स असणं हा त्याला एक अपवाद. लायसन्सआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स: युटात ३१ डिसेंबर १९६५ नंतर जन्मलेल्या सर्वांना, कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ पासून पुढे जन्मलेल्यांना. राज्याराज्यात नियम वेगळे, वकिलाला विचारून मगच हात घाला. बंदूकच हवी असं नाही, धनुष्यबाणाचा वेगळा हंगाम असतो.

घाटपांड्या
परत चाऱ्याकडे येऊ, कारण खरी घट तिथे आहे. हिवाळी कुरण म्हणजे सेजब्रशचे उतार. त्यात चीटग्रास नावाचं परदेशी गवत घुसलंय. ते वसंतात सगळ्यांच्या आधी हिरवं होतं आणि जूनमध्ये वाळून काडेपेटीसारखं पेटतं. सेजब्रश जळाला की मुळातून फुटत नाही, बियांवरून यायला दशकं लागतात. चीटग्रास पुढच्याच वर्षी हजर. दोन-तीन वणव्यांत झुडपी उतार गवताळ होतो, आणि वाळलेलं चीटग्रास जानेवारीत बर्फाखाली गाडलेलं. हे हरीण झुडपांवर जगतं, असं नांगरफाळ वर म्हणाले ते इथे लागतं.

युटात वॉटरशेड रिस्टोरेशन इनिशिएटिव्हखाली २० लाख एकरांहून जास्त जमिनीवर काम झालंय. पसरलेली पिनियन-जुनिपरची झाडं काढायची आणि गवत-झुडपांचं बी टाकायचं. बी शरद ऋतूच्या शेवटी, बर्फाच्या तोंडावर टाकतात. लवकर टाकलं तर उंदीर-पाखरं खातात किंवा अवकाळी उगवून थंडीत मरतं. सेजब्रशचं बी धुळीसारखं बारीक, ते वरच्यावर पेरावं लागतं. बिटरब्रशचं मोठं, ते मातीत घालावं लागतं. एकाच यंत्रातून एकाच खोलीवर दोन्ही पेरली की सेजब्रश उगवत नाही आणि मग 'प्रकल्प फसला' म्हणून बोंब.

रानमेवा
आणि रस्ते? आपल्याकडे पेंचमधून जाणाऱ्या ४४ नंबरच्या महामार्गाखाली जनावरांसाठी जागा सोडल्यात, तसं काही?

घाटपांड्या
भरपूर, आणि चालतंही. वायोमिंगमध्ये नगेट कॅन्यनला यूएस ३० रस्त्याखाली भुयारी मार्ग आणि त्याकडे वळवणारं कुंपण केलं, हरणांच्या धडका ८१ टक्क्यांनी घटल्या. पाइनडेलजवळ ट्रॅपर्स पॉइंटला २०१२ मध्ये रस्त्यावरून पूल बांधले. कोलोरॅडोत हायवे ९ वर दोन पूल आणि पाच भुयारं, तिथेही धडका साधारण ९० टक्क्यांनी कमी. कुंपण अर्धवट सोडलं तर हरणं त्याच्या टोकाशी जमतात आणि धडका नुसत्या तिकडे सरकतात.

हा पैसा मी टॅगच्या वादापेक्षा महत्त्वाचा मानतो. वायोमिंगच्या रेड डेझर्टपासून होबॅकपर्यंत म्यूल डिअर एका बाजूने साधारण १५० मैल चालत जातात. हा मार्ग जगासमोर आला २०१४ मध्ये. वाट मादी पिल्लाला दाखवते. मादी मेली, वाट अडली, की ती वाट त्या कळपाच्या डोक्यातूनच पुसली जाते. आणि वायूच्या विहिरी: पाइनडेल अँटिक्लाइनवर सुमारे १५ वर्षं नजर ठेवली. हरणं विहिरींपासून सरासरी जवळपास एक किलोमीटर जास्त लांब राहू लागली, सरावली नाहीत, आणि संख्या ३६ टक्क्यांनी घटली. तिथे टॅग किती कापणार?

सॉल्टलेकी
बरं, हार मानली. निदान तीन चतुर्थांश. आता कामाचं सांगा. रिजनल ॲडव्हायझरी कौन्सिलच्या बैठकीत नागरिकांच्या सूचना घेतात, त्यानंतर वाइल्डलाइफ बोर्ड आकडे मंजूर करतं. तिथे 'टॅग निम्मे करा' ऐवजी काय मागायचं?

नांगरफाळ
आधी आपल्या युनिटचे तीन आकडे मागा: डिसेंबरातलं पाडसांचं प्रमाण, हिवाळ्यातून वाचलेली पाडसं आणि मोठ्या माद्यांचं जगण्याचं प्रमाण, प्रत्येकी तीन वर्षांचे. मादी जगत नसेल तर माद्यांचे टॅग शून्यावर आणा म्हणा. मात्र शेतातल्या नासाडीसाठी दिलेले आणि हिवाळी कुरण ओरबाडलं गेलंय म्हणून दिलेले वेगळे धरा. कुरण ओरबाडलं गेलंय तिथले टॅग बंद केलात तर चारा आणखी संपेल. पाडसं खूप आणि हिवाळ्यात मरतात? मग कुरण मागा. पाडसंच कमी? उन्हाळी चारा बघा, माद्यांची चरबी मोजलीय का विचारा.

नरांचे टॅग खरोखर कुठे कापायचे तेही सांगतो. सगळी पाडसं मेली असं एखादं वर्ष गेलं की पुढच्या वर्षी दीड वर्षाचे नर नसतात, आणि सर्वसाधारण युनिटात शिकार बरीचशी त्यांच्यावरच चालते. तेव्हा एक-दोन वर्षं कापा, प्रमाण सावरलं की परत द्या. तिथे तुमचं म्हणणं बरोबर आहे.

काकू_कॅलगरी
आणि आजाराचा चौथा आकडा. किती डोकी तपासली तेही विचारा. चार डोकी तपासून 'आजार नाही' म्हणणं सोपं असतं.

आकडेमोड
रांग नको असेल तर डेडिकेटेड हंटर योजना सुचवा लोकांना. तीन वर्षांत ३२ तास श्रमदान, बदल्यात धनुष्य, मझललोडर (तोंडातून ठासायची जुन्या धर्तीची बंदूक) आणि साधी बंदूक असे तिन्ही हंगाम खुले, पण तीन वर्षांत दोनच हरणं. श्रमदानात झुडपं लावणं, जुनी कुंपणं काढणं असलं काम मिळतं.

भटकभवानी
शिकार न करता कुंपणाचं काम करता येतं का? आणि कुंपणाने हरणाला नेमकं होतं काय? ते तर उसळ्या मारतं म्हणालात.

घाटपांड्या
येतं की, स्वयंसेवक हवेच असतात. मोठं हरीण उडी मारतं तेव्हा मागचे पाय वरच्या दोन तारांच्या मध्ये जातात. तारा एकमेकींवर पीळ घेतात आणि पाय कात्रीत सापडतो. म्हणून सर्वांत वरची तार ४२ इंचांच्या वर नको, जमलं तर ४०, आणि वरच्या दोन तारांत निदान १२ इंच अंतर हवं. पाडसं उडी मारत नाहीत, खालून घुसतात. खालची तार जमिनीपासून १६ इंच, जमलं तर १८, आणि बिनकाट्याची. उतारावर हे माप खालच्या बाजूने उभं राहून घ्या. हरीण तिकडून येतं तेव्हा तेच कुंपण त्याला फूटभर जास्त उंच पडतं.

खोचकराव
टेप कुणाकडे आहे?

भटकभवानी
माझ्याकडे आहे. खांबाला चौथी तार असेल तर ती काढायची की खाली सरकवायची?

घाटपांड्या
आधी जमीनमालकाला विचारायचं, गुरं त्याची असतात. तो हो म्हणाला तर वरची काढा, खालची काटेरी असेल तर साध्या तारेने बदला, आणि काढलेली तार गुंडाळून सोबत आणा. गवतात टाकलेलं वेटोळं हे उभ्या कुंपणापेक्षा वाईट.